आपेलूच्या शुक्रवारचं तिकीट

समजा, तुमच्या हातात परतीचं तिकीट आहे. ऑकलंड ते आपिया, पुढच्या महिन्याचं. आणि सकाळी फोन येतो की तिसऱ्याच बेटावर राहणारा तुमचा भाऊ गेला. आता तुम्हाला तारीख अलीकडे आणायची आहे आणि मार्गही बदलायचा आहे. तारीख बदलणं त्यातल्या त्यात सोपं, सीट रिकामी असली की झालं. पण मध्ये एखादं गाव वाढलं की जुनं तिकीट मोडून नवं काढावं लागतं. शिवाय एका टप्प्याला तुम्ही विमानात बसला नाहीत, तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. म्हणजे हे काम घाईत करायचं नाही. आणि घरचं माणूस गेल्यावर घाईशिवाय दुसरं काही सुचत नाही.

ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या आमच्या तिकिटांच्या दुकानात असे लोक सारखे येतात. सामोआचं अर्धं घर इथे, अर्धं तिथे. मयत असो, लग्न असो, कुणाला घराण्याचा किताब मिळणार असो, तिकीट बदलायला माणसं दारात उभी. मी ती सगळी बुकिंगं करते आणि विसरून जाते. फुआतिनो मावशींचं मात्र विसरले नाही.

मावशी सामोआतल्या सावाई बेटावरच्या. लेकाकडे, पेसामिनोकडे, नातवाच्या बारशाला आल्या होत्या. अंगाने भरदार, चालणं सावकाश, आणि बोटं मात्र तरुण मुलीसारखी चपळ. त्या बोटांनी गावात नाव कमावलं होतं. केवड्याच्या जातीच्या पानांचे केसासारखे बारीक पट्टे काढून त्या चटया विणायच्या. बसायची चटई वेगळी. ही इतकी मऊ की घडी घालून काखेत मावते, आणि एकेकीला वर्षं लागतात. मावशींनी आपल्या थोरल्या भावासाठी, आपेलूसाठी, अशी एक घेतली होती विणायला. आमच्यात बहिणीचा मान मोठा. भाऊ घराण्याचा प्रमुख झाला तरी बहिणीपुढे आवाज चढवत नाही. आणि तो गेला की त्याच्या शवपेटीवर त्यांच्या घराण्यात पहिली चटई पडते ती बहिणीची, बहिणीच्या हाताने.

आपेलू राहायचा पागो पागोला, अमेरिकेच्या ताब्यातल्या सामोआत. बुधवारी सकाळी त्याची बातमी आली आणि दुपारी मायलेक माझ्यासमोर बसले होते.

पेसामिनो बस चालवतो. गणवेशातच आला होता. त्याने मला सगळं एका दमात सांगितलं. मामाने सांगून ठेवलंय, मला बर्फात ठेवून नातेवाइकांची वाट बघत बसू नका. त्यामुळे शनिवारी दफन, शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना, आणि चटया त्याच प्रार्थनेत वाहायच्या. पागो पागोला उतरायच्या परवान्याचं मामेभाऊ बघतोय. तेव्हा उद्या, गुरुवारी आईला आपियाला पोचव आणि शुक्रवारी सकाळच्या छोट्या विमानाने पुढे पाठव.

"आणि चटई?" मावशींनी विचारलं.

चटई सावाईला होती, मावशींच्या गादीखाली. तेवढंच असतं तर तिथे राहणाऱ्या लेकीने ती बोटीने विमानतळापर्यंत आणून दिली असती. पण चटई पुरी झालेली नव्हती. एक कड विणायची होती, लाल पिसांची झालर लावायची होती. परत गेल्यावर करू, म्हणून मावशी नातवाला बघायला आल्या होत्या.

पेसामिनो म्हणाला, इथेच एक चांगली विकत घेऊ. नाहीतर मामीकडच्या बायका एखादी देतील, कोण विचारणार आहे.

"आपेलू विचारेल," मावशी म्हणाल्या.

"आई, तो आता कसा विचारेल?"

"तू बस चालव. माझ्या भावाचं मी बघते."

मी संगणकाच्या पडद्यावर गुरुवारचं विमान धरून ठेवलं आणि पुढचा टप्पा टाकायला लागले. मावशी काचेबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघताच त्या बोलायला लागल्या. आपेलू दर रविवारी फोन करायचा, चर्चमधून आल्यावर, जेवण झालं की. म्हणायचा, प्रवचन लांबलं, उमूतलं, तापल्या दगडांवरचं डुक्कर करपलं. आणि मी इकडे सोमवारचे कपडे वाळत घालत असायची. त्याला म्हणायची, आळशा, तुझा अजून रविवारच चाललाय होय.

माझा हात थांबला. त्याच क्षणी पेसामिनोही बोटांवर वार मोजायला लागला.

दोन्ही सामोआ एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, पण वार बदलण्याची रेषा मधोमध जाते. घड्याळ दोन्हीकडे सारखं, वार मात्र तिकडे एकाने मागे. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दुःखात पेसामिनोने मामाचा शुक्रवार आपल्याच शुक्रवारात धरला होता, आणि मीही तो सांगेल तसं टाकत चालले होते. शुक्रवारी आपियाहून निघाल्या असत्या, तर मावशी तिथे गुरुवारी उतरल्या असत्या. हात रिकामे आणि पुढे बसून काढायचा अख्खा दिवस.

"मावशी," मी म्हणाले, "शनिवारी सकाळी निघा. तिकडे शुक्रवारची सकाळ असेल."

पेसामिनोने पडदा स्वतःकडे वळवून घेतला. निघणे शनिवार, पोचणे शुक्रवार. त्याने ते दोनदा वाचलं, मग हातांनी तोंड झाकून घेतलं. आधी वाटलं हसतोय. मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "काढ तिकीट. हा बसमध्ये तरी लोकांना बरोबर ठिकाणी उतरवतो ना, विचार त्याला."

परतीसाठी मी रविवार सुचवला. मावशींनी नुसतं माझ्याकडे बघितलं. जन्मात त्यांनी रविवारी प्रवास केलेला नव्हता. शनिवारी तिकडून निघावं तर उतरेपर्यंत इकडे रविवार लागलेला. शेवटी सोमवार टाकला, उतरणार मंगळवारी. एअरलाइनच्या माणसाला फोनवर सगळं पटवून जुनं तिकीट मोडलं, नवं काढलं. भाड्यातला फरक पेसामिनोने भरला.

पुढचं मला मावशींनीच नंतर सांगितलं.

गुरुवारी त्या आपियाला उतरल्या. विमानतळापासून धक्का जवळच आहे; संध्याकाळच्या बोटीने सावाई गाठली. लेकीने गावात निरोप दिलेलाच होता. शुक्रवारी उजाडताच विणकामाच्या घरात बायका जमल्या. त्या म्हणाल्या, तू दमून आलीस, कड आम्ही विणतो. मावशींनी पिसं त्यांना दिली, कड स्वतःकडे ठेवली. मधूनच कुणी कोको आणून द्यायचं, कुणी आपेलूची नक्कल करायचं. तो लहानपणी माडावरून पडला तेव्हा रडण्याआधी त्याने नारळ कसा सोलून खाल्ला, हे तिथल्या एका म्हातारीने सांगितलं आणि सगळ्या इतक्या हसल्या की विणणं थांबलं. दुपार कलली तेव्हा शेवटचा पट्टा आत गेला. बायकांनी चटई उन्हात धरली. मावशी म्हणाल्या, आपल्याच हातचं काम होतं, तरी मला जरा दूर जाऊन बघावंसं वाटलं.

शनिवारी पहिल्या बोटीने परत. छोट्या विमानात बसण्याआधी माणसाचंही वजन करतात. काट्यावरचा माणूस म्हणाला, मावशी, ते गाठोडं सामानात द्या आणि मग उभ्या राहा. मावशींनी चटई छातीशी धरली.

"दोघींचं एकदम कर. ही काही खात नाही, सगळं वजन माझंच आहे."

त्याने विचारलं, कुणासाठी आहे. त्यांनी सांगितलं. स्वतः पुढे होऊन त्याने त्यांना खिडकीची सीट दिली, पायाशी चटईला जागा राहील अशी.

पागो पागोला भाचा न्यायला आला होता. त्याला वाटत होतं आत्या रिकाम्या हाताने येईल. गाठोडं बघून तो म्हणाला, "आत्या, शनिवारी निघालीस म्हणे. घाबरलोच मी. इथे आज शुक्रवार आहे."

"ठाऊक आहे. एक कालच संपवून आले."

संध्याकाळी प्रार्थनेत घराण्याच्या बायका ओळीने उभ्या राहिल्या. मावशी पुढे झाल्या, घडी सोडली आणि दोन्ही हातांनी चटई उंच धरून पेटीपर्यंत चालत गेल्या. अशा वेळी आमच्याकडे बसलेले लोक मोठ्याने वाखाणणी करतात. पण आधी घराण्याच्या वतीने बोलणाऱ्या तिथल्या वृद्ध वक्त्याने लाल पिसांकडे बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि मगच आवाज दिला. त्यामागोमाग सगळं घर. मावशींनी चटई भावावर पसरली, कड सारखी केली. मला सांगताना त्यांनी हवेत हात फिरवून दाखवलं, ती कड कशी सरळ पडली ते. डोळ्यांत पाणी नव्हतं. मान ताठ होती.

परवा त्या पुन्हा दुकानात आल्या. नातू आता चालायला लागलाय. आपेलूच्या पहिल्या स्मृतिदिनाला पागो पागोला जायचंय, थडग्यावर फुलं वाहायचीत. मी विचारलं, कधीचं तिकीट काढू.

मावशी खुर्चीत मागे टेकल्या. "तेच तर कळत नाहीये. तो गेला तेव्हा त्याच्याकडे मंगळवार होता, दहा तारीख. मला कळलं तेव्हा माझ्याकडे अकरा. पाद्रीबाबांना विचारलं, ते म्हणाले, देवाला दोन्ही चालतील. देवाला चालतील गं. पण आपेलू कुठल्या दिवशी माझी वाट बघत असेल, त्याच्या की माझ्या?"