माझी साक्ष, काकांच्या लाल शाईत

पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये रविवारी एकजण उभा राहून साक्ष देतो, म्हणजे येशूने आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांना सांगतो. माझी पाळी आली तेव्हा मंडळीतल्या एका जुन्या काकांनी साक्ष आधी लिहून मागितली. मी साधंच लिहिलं होतं: लोक काय म्हणतील या भीतीत मी जगत होते, येशूने मला त्यातून सोडवलं.

शनिवारी कागद लाल शाईने भरून परत आला. उभा जन्म मिठागरात राबलेल्या माझ्या बापाला काकांनी दारुडा करून टाकलं होतं.

"काका, माझे वडील दारूला शिवतसुद्धा नाहीत."

"अगं, अशा साक्षीनेच लोकांची मनं हलतात."

माझं डोकंच फिरलं. येशूने मला आहे तशी जवळ घेतली, आणि त्याच्याच घरात मी दुसऱ्याने रचलेलं आयुष्य पाठ म्हणून दाखवायचं? त्यात रोज देव्हाऱ्यात दिवा लावणारा माझा बाप, लेक बोलणार म्हणून पहिल्यांदाच चर्चमध्ये येणार होता.

रविवारी तो कागद मी सगळ्यांदेखत काकांच्या हातात ठेवला आणि गावच्या बोलीतच बोलले.

"मागच्या बाकावर माझा बाप बसलाय. त्यानं दारू कदी पिली नाय. येशूनं मला भीतीतून सोडवलं, बापापासून नाय."