पडद्यावर आलेलं नाव

सासूबाई तिला ‘टकटकबाई’ म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सकाळची कामं उरकली की ती मागच्या खोलीत कीबोर्ड बनवत बसायची, बाजारातल्या कीबोर्डशी ज्यांच्या हातांचं जमत नाही त्यांच्यासाठी. टेबलावर तीन-चार कायम अर्धवट पडलेले. ते ओळखू यावेत म्हणून ती प्रत्येकात एक नाव भरायची. वायर जोडली की कॉम्प्युटर ते वाचून पडद्यावर दाखवतो. कामापुरती नावं मनाला येतील ती: ‘जाडबोट्या’, ‘एकहाती’. गिऱ्हाइकाला देताना ते पुसून बरंसं नाव घालायची. या वेळी विसरली.

गिऱ्हाईक म्हणजे एका कंपनीतले वयस्क हिशेबनीस. हाताचा कंप त्यांनी ऑफिसात कुणाला कळू दिला नव्हता; कुणी टेबलाशी आलं की हात खिशात. नवा कीबोर्ड त्यांनी भर मीटिंगमध्ये लॅपटॉपला जोडला, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, साहेबांसकट सगळ्यांसमोर झळकलं: ‘थरथरकाका’.

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप घेऊन दारात हजर.

“माझी लक्तरं वेशीवर टांगलीत तुम्ही. आज गेलोच नाही कामावर. राजीनामाच देतो म्हणतो.”

“हसले का हो सगळे?”

“कुणीच हसलं नाही. तेच जास्त लागलं.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने भराभर नाव बदललं, कीबोर्ड त्यांच्या लॅपटॉपला लावला. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत पुन्हा ‘थरथरकाका’!

“आता काय जन्मभर चिकटलं का हे?”

“नाही काका. नावाबरोबर एक नंबरही असतो आत. नंबर ओळखीचा दिसला की लॅपटॉप पहिल्यांदा ऐकलेलंच नाव दाखवत राहतो, पुन्हा विचारत नाही. माणसांसारखंच. नंबर बदलला की पाटी कोरी.”

तिने नंबर बदलला. “आता झकास नाव देते. ‘सम्राट’ चालेल?”

काकांनी नकारार्थी मान हलवली.

“दुकानातला साधा कीबोर्ड लावला की काय येतं?”

“नुसतं ‘यूएसबी कीबोर्ड’.”

“तेच घाला.”

आपल्या हातच्या वस्तूला दुकानातल्याचं नाव द्यायचं तिच्या अगदी जिवावर आलं, पण तिने दिलं. काकांनी स्वतः वायर जोडली आणि पडद्यावरचं नाव दोनदा वाचलं.

“आता हा कुणाचाही असू शकतो,” ते म्हणाले.

मग दोन्ही हातांनी फोन धरून त्यांनी बायकोला लावला. “अगं, उद्या डबा भर.”