आधीची घोषणा रद्द समजावी

आमच्या बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे 'माइकवाल्या ताई' म्हणायचे. मी शेजारच्या चौकशीच्या खिडकीत. ताईंचा आवाज असा खणखणीत, की बाकावर लवंडलेला ड्रायव्हरसुद्धा ताडकन उठून बसे. बोलताना काही चुकलं तर न अडखळता म्हणायच्या, "आधीची घोषणा रद्द समजावी." संपला विषय!

घरी मात्र विषय संपेना. घर स्थानकाच्या भिंतीला लागूनच. दोघी बहिणी, दोघीही बिनलग्नाच्या. पन्नाशीला टेकलेल्या धाकटीनं एका विधुर फिटरशी लग्न ठरवलं आणि ताईंचं डोकं फिरलं. "पुन्हा त्याचं नाव काढलंस तर तू मला मेलीस!" असं तोंडावर बोलून बसल्या. धाकटी एवढंच म्हणाली, "बरं."

तिनं लग्न केलं नाही. घरही सोडलं नाही. पण ताईंशी बोलणं बंद झालं ते झालंच. स्वयंपाक करायची, ताट झाकून ठेवायची, समोरून जायची, पण नजर ताईंच्या आरपार. शेजारणींशी हसणं-खिदळणं चालू. ताई आत आल्या की चिडीचूप.

"अगं, तिची पावलंसुद्धा वाजत नाहीत," ताई मला सांगायच्या. "घरात जायची भीती वाटते गं."

"माफी मागा की!"

"मागितली. पायसुद्धा धरले. माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

बाई वाळून काडी झाल्या. मला धाकटीचाही संताप यायचा. इतका कसला मेला हट्ट!

एका दुपारी गाडीची वेळ सांगता सांगता ताई थांबल्या. मग भोंग्यातून आलं, "छोटे, तुला मेलीस म्हणाले होते. आधीची घोषणा रद्द समजावी. ऐकतेयस ना, छोटे?"

माझ्या खिडकीवर ही झुंबड! "कुठली गाडी रद्द?"

"एकही नाही हो, गप बसा!" मी ओरडले. मला रडू फुटलं होतं.

पाळी संपल्यावर मीच हाताला धरून त्यांना घरी नेलं. धाकटीनं दार उघडलं. ताई कशाबशा म्हणाल्या, "छोटे, बोल ना गं."

धाकटी माझ्याकडे बघून हसली.

"या ना. एकट्याच आलात?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "दुपारी ताईनं हाक मारल्यासारखं वाटलं मला. तुम्हालाही ऐकू आलं का हो?"

ताईंचा हात अजून माझ्या हातात होता.