वरच्या मजल्यावरचं भरीत

"सोड ते वांगं. हात नको लावू."

मॅडम एवढंच म्हणाल्या. तोवर मी अर्धी टोपली सोलली होती.

जळगावातल्या त्या दवाखान्यात खाली वॉर्ड, वर डॉक्टरांचं घर. मी खालची नर्स. पण थंडी पडली की वर भरीत-पुरीला पाहुणे येतात, आणि मॅडमची, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोची, हाक आली की ड्युटी सोडून पळायचं. कधी वांगी सोलायला, कधी पुऱ्या लाटायला. वॉर्ड वाऱ्यावर. मागे काही बिघडलं तर बोलणी मलाच. डोकं फुटायची वेळ यायची.

त्या संध्याकाळी गच्चीवर एका पाहुणीने सहज विचारलं, "कुठली गं तू? आडनाव काय?"

सांगितलं.

"बौद्ध का?"

"हो."

ती मॅडमकडे बघून हसली. मग ते वांगं सुटलं. पहिली पंगत उठली होती. मॅडमनी गच्चीवरच्याच मोरीकडे बोट दाखवलं. "तू ताटं घास."

डॉक्टरांच्या आईला लकवा झाला तेव्हा तिचं हगणं-मुतणं मी काढलं. तेव्हा हे हात चालले. भरताला नाही चालले. रागाने डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच जास्त राग आला. तरी घासायला बसले. नोकरी होती.

तेवढ्यात एक माणूस जिना चढून धावत आला. सातपुड्याच्या पायथ्याकडचा. त्याची बायको दुपारीच खाली वॉर्डात बाळंत झाली होती.

"अक्का, लवकर चला! तिनं अंग बठ्ठं थंडं पडी गय!"

अंग सगळं गार पडलंय म्हटल्यावर मी उठले. मॅडम म्हणाल्या, "आधी ताटं संपव. लगेच कुणी मरत नाही."

हातातलं ताट तिथंच आपटलं आणि खाली पळाले.

चादर रक्ताने भिजली होती. रक्त थांबावं म्हणून मी तिचं पोट चोळत राहिले, डॉक्टरांना हाका मारत राहिले. ते तोंड पुसत आले. बाई वाचली, पण थोडक्यात.

सकाळी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वेडीला वाटलं, शाबासकी देतील.

"पाहुण्यांसमोर ताट आपटलंस. मॅडमची माफी माग, नाहीतर घरी बस."

"माफी त्या बाळंतिणीची मागा, सर," मी म्हटलं. "तिची नर्स तुमच्या मोरीत बसली होती."



मी माफी मागितली नाही. मागणारही नाही. अजून तरी मला काढलेलं नाही. आजही वरून हाक येते. खालूनच सांगते, वॉर्डात पेशंट आहेत. काढायचं तर खुशाल काढा. तो जिना मी पुन्हा चढणार नाही.