आठ बोल्टांचा बंपर

आमच्या शेडमध्ये दोन धंदे चालतात. रस्त्याकडच्या अंगाला माझं लेथ मशीन, आतल्या अंगाला गुण्याचं वेल्डिंग. शेड मालकांची. मालक म्हणजे गुण्याचे सासरे. मी त्यांचा भाडेकरू आणि गुण्या जावई. पण दोघांत सुखी कोण, असं विचाराल तर मी डोळे मिटून माझं नाव सांगेन.

गुण्या हे त्याचं खरं नाव नाही. काटकोन तपासायच्या लोखंडी पट्टीला आमच्यात गुण्या म्हणतात. ती याच्या मागच्या खिशात कायम असते. खिडकीची जाळी असो की जिन्याचा कठडा, कोपऱ्याला गुण्या लावल्याशिवाय हा पुढचा टाका मारायचा नाही. एकदा चहा पिताना स्टूल हललं, तर चहा बाजूला ठेवून याने आधी स्टुलाचे पाय तपासले. चहा निवला, पण स्टूल आजतागायत हललेलं नाही.

अठरा वर्षांपूर्वी तो शेडच्या छताचं लोखंड जोडायला आला होता. दोन दिवसांचं काम. मालकांनी त्याचा हात पाहिला, आपली एकुलती एक मुलगी पाहिली आणि हिशेब जुळवला. दोन दिवसांच्या कामाला आलेला माणूस अजून घरी गेलेला नाही. लोक पाठीमागे म्हणायचे, आयत्या बिळावर नागोबा. मला हसू यायचं. हा नागोबा अठरा वर्षं एकटाच बीळ खणतोय आणि राहणारे वर बसलेत.

वर म्हणजे अक्षरशः वर. शेडच्या आतूनच एक लोखंडी जिना जातो, वर दोन खोल्या. गुडघे गेल्यापासून मालक तिथे खुर्चीत असतात, आणि ती खुर्ची बरोबर खालच्या गुण्याच्या टेबलाच्या डोक्यावर येते. काठी एकदा आपटली की मुलीला हाक, दोनदा आपटली की जावयाला. माझं मशीन चालू असलं की मला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही, पण याला वरची काठी ऐकू यायची. हातातलं टाकून जिन्याशी जायचा आणि मान वर करून म्हणायचा, "हो, मालक." सासऱ्याला 'बाबा' म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नाही.

मालकांचा एक नियम होता. पूर्वी कधीतरी त्यांनी एका बंगल्याला मोठं फाटक बसवलं. चोरांनी कुलूपबिलूप फोडलं नाही. पाने घेऊन आले, नट खोलले आणि फाटकच उचलून नेलं. पंचक्रोशीत हसं झालं. तेव्हापासून शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक कामाच्या प्रत्येक नटावर वेल्डिंगचा एक टाका पडतो. मग नट जन्मात फिरत नाही. जाळ्या, फाटकं, गज यांना ते ठीकच. आणि या शेडमधून दुसरं काही जातच नव्हतं. लोकांना आत सुरक्षित कोंडून ठेवायचं, एवढंच आमचं उत्पादन.

अशात एके दिवशी मॅडम आल्या. डोंगर-जंगलातल्या जमिनीची पाहणी करणाऱ्या पथकाच्या त्या प्रमुख. गाडी उंच, चारही चाकं ओढणारी, चिखलाने माखलेली. मागचा बंपर पत्र्याचा होता, तो कागदासारखा चुरगळलेला. त्यांना जाड पोलादाचा हवा होता. दोन्ही टोकांना वर उचलत गेलेला, म्हणजे खड्ड्यातून चढताना गाडीचं बूड जमिनीला घासणार नाही. गाडी रुतली तर ओढायला दोन भक्कम कड्या, जॅक लावायला जागा, आणि स्टेपनी टांगायला दारासारखा उघडणारा हात.

"अट एकच," त्या म्हणाल्या. "बंपर दगडावर आपटतो, वाकतो, चाकाला घासायला लागतो. तेव्हा दोन माणसांना एका पान्याने दहा मिनिटांत तो काढता आला पाहिजे. नाहीतर गाडी तिथेच अडकते, आणि आमच्यासोबत कधी कधी आजारी माणूसही असतो. बाकी तुमच्या मनासारखं करा."

त्या गेल्यावर गुण्या माझ्याकडे आला. "मनासारखं म्हणजे कसं रे?"

चेष्टा करत नव्हता तो. खरंच विचारत होता.

पुढचे तीन आठवडे मी जे बघितलं ते सांगायला मला आवडतं. आधी त्याने गाडीखाली आडवं पडून पुठ्ठ्याचे साचे कापले. मग पाच मिलिमीटरची प्लेट. गंमत म्हणजे त्या बंपरला एकही काटकोन नव्हता. सगळं तिरपं, चढतं, वळतं. गुण्या पहिल्या दिवशी सवयीने खिशाकडे हात न्यायचा आणि रिकामा परत आणायचा. चौथ्या दिवशी पट्टी टेबलावर ठेवून दिली आणि नुसत्या डोळ्याने कोन बघायला लागला. उष्णतेने प्लेट ओढली जाऊ नये म्हणून एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये थांबून हात ठेवून बघायचा. स्टेपनीच्या हाताची खुंटी आणि ती जिच्यात फिरते ती बुशिंग मी लेथवर काढली. पहिली खुंटी त्याने परत पाठवली. "किंचित ढिली आहे." मला राग आला आणि बरंही वाटलं, अठरा वर्षांत त्याने कुणाला काही परत पाठवल्याचं मी पाहिलं नव्हतं. बंपरचं सगळं वजन गाडीच्या चॅसीला आठ बोल्टांवर, चार इकडे, चार तिकडे. आणि तो शीळ घालत होता. बेसूर, पण घालत होता.

मध्ये एकदा मॅडम बघायला आल्या. बंपरवरून हात फिरवला, स्टेपनीचा हात चार वेळा उघडला, मिटला. मग म्हणाल्या, "आमच्या डेपोत सहा गाड्या आहेत. हे काम बघायला माणूस हवाय. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळेल. गाडी न्यायला येईन त्या दिवशी सांगा."

त्या गेल्यावर गुण्या बराच वेळ ग्राइंडर हातात धरून उभा. चालू न करता.

"जा," मी म्हणालो.

"हिला वडिलांना सोडून येणं जमणार नाही."

"विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय."

त्याची अवस्था म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी त्या दिवशी गप्प बसलो. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझी बायको उगाच म्हणत नाही. दुसऱ्या दुपारी गुण्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नेहमीसारख्या खाली आल्या. तयार जाळ्यांना लाल प्रायमर मारायचं काम त्यांचं. नखं कायम तांबडी. गुण्या प्लेट आणायला गेला होता. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ब्रश थांबवला नाही. एक जाळी पुरी केली, दुसरी ओढली आणि विचारलं, "गाडी न्यायला कधी येणार आहेत, भावजी?"

मी दिवस सांगितला.

तो दिवस उजाडला. बंपर काळ्या रंगात गाडीला लागलेला, आठही बोल्ट घट्ट, गुण्याने पाना लावून दोनदा तपासलेले. त्याने धुतलेला शर्ट घातला होता. काय सांगणार आहेस, असं मी विचारलं, तर म्हणाला, "बघतो." मला वाटलं, होणार. खरंच वाटलं.

तेवढ्यात जिना वाजला. काठी नव्हे, जिना. मालक एकेक पायरी बसत, उठत खाली येत होते. वर्षभरात पहिल्यांदा. गुण्या धरायला धावला, त्यांनी हात झिडकारला. गाडीमागे आले. बंपरच्या जोडावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले.

अठरा वर्षांतलं पहिलं चांगलं. गुण्याचे कान लाल झाले. मग मालक वाकून खाली बघायला लागले.

"नट उघडे आहेत."

"मालक, तो काढता-घालता येणारा बंपर आहे. मॅडमनी मुद्दाम सांगितलंय."

"माझ्या शेडमधून उघड्या नटाचं काम गेलेलं नाही. टाके मार."

मी मशीन बंद केलं. "मालक, गाडी त्या बाईंची आहे. रानात अडकल्या तर?"

"तू तुझ्या मशीनकडे बघ."

गुण्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मी मनात म्हणत होतो, बोल, एकदा तरी बोल.

"हो," तो म्हणाला.

आणि मग त्याने काय केलं? बॅटरीच्या तारा काढल्या, टाकीवर ओलं पोतं टाकलं, अर्थिंगचा चिमटा चॅसीला लावला. चुकीचं काम आणि तेही सगळे नियम पाळून! आठ टाके. नवा रंग जळल्याचा वास शेडभर झाला. मालक माझ्या स्टुलावर बसून आठ मोजेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "वर ने मला." आणि गुण्याने त्यांना काखेत धरून, एकेक पायरी जपत वर नेलं. मला त्या वेळी त्या म्हाताऱ्यापेक्षा याचाच जास्त संताप आला. एक फटका द्यावा असं वाटलं आणि जवळ घ्यावं असंही वाटलं.

खाली आल्यावर मी म्हणालो, "घास ते टाके, वेळ आहे अजून."

"वर ग्राइंडरचा आवाज ऐकू जातो," तो म्हणाला.

दुपारी मॅडम ड्रायव्हरला घेऊन आल्या. खूश होत्या. मग गाडीखाली वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी."

"मी काय सांगितलं होतं?"

"दहा मिनिटं."

"मग विसरलात?"

एक 'हो' म्हणाला असता तर सुटला असता, पण नेमका तिथे तो गप्प. आणि मी, उंटावरचा शहाणा, त्याला वाचवायला पुढे झालो. "विसरला नाही हो तो. सासऱ्यांनी करायला लावलं. त्याला सगळं ठाऊक होतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"चूक असती तर मी काही म्हटलं नसतं," त्या म्हणाल्या. "चुका सगळ्यांच्या होतात. पण तिकडे मी महिना-महिना नसते. कुणीतरी येऊन म्हणेल, हे असं जोड. तुम्ही जोडाल. आणि गाडीत माणसं असतात."

"हो," गुण्या म्हणाला.

त्याने टाके घासले, नवे बोल्ट टाकले, रंगाचा हात मारला. या वेळी वरून काठी आपटत होती, दोनदा, पुन्हा दोनदा. मग त्याने आणि ड्रायव्हरने मिळून बंपर काढून दाखवला. सात मिनिटं लागली. मॅडमनी घड्याळ पाहून मान हलवली आणि म्हणाल्या, "असं काम मी कुठे पाहिलेलं नाही." खरं बोलल्या त्या. गाडी गेली.

ती कोपऱ्यावर वळली आणि वहिनी जिन्यावरून उतरल्या. बाहेर जायचे कपडे, नखं घासून स्वच्छ केलेली.

"काय ठरलं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"कशाचं?"

"डेपोचं. भावजींनी मला सांगितलंय. मी काल बाबांना सांगितलं, आम्ही जातोय म्हणून. आत्याला बोलावून घेतलंय त्यांच्याजवळ राहायला. तिने तिची खोलीसुद्धा सोडली. परवा येतेय."

म्हातारा जिना का उतरला ते मला तेव्हा कळलं.

गुण्या लोखंडाच्या चळतीवर बसला. "मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाला.

"तुम्ही विचारलंत?"

त्याने जे झालं ते सांगितलं. सगळं, खाली बघत. माझं नाव मात्र घेतलं नाही. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी गाडी उभी होती त्या जागेकडे पाहिलं, तिथे तेलाचे दोन थेंब पडले होते. मग फोन लावला आणि त्याच्यापुढे धरला.

"आता आत्याला तुम्हीच सांगा, येऊ नकोस म्हणून. मला जमायचं नाही."

त्याने फोन कानाला लावला. पलीकडून आत्या मोठ्याने बोलत होत्या, मला अर्धंअधिक ऐकू येत होतं. सामान बांधून झालंय, शेजारणीला भांडी दिली, भावाजवळ राहायला मिळतंय, किती बरं झालं.

"हो," गुण्या म्हणाला. "हो, आत्या. हो. स्टँडवर येतो मी घ्यायला."

आत्या आल्या, त्याला आता सहा महिने झाले. माणूस चांगलं आहे, बोलतात फार. वर मालक एका खोलीत, आत्या आणि वहिनी दुसऱ्या खोलीत. तिसरी खोली नाही. गुण्या खाली वेल्डिंगच्या टेबलाजवळ पथारी टाकतो. सकाळी मी येतो तेव्हा तो ती गुंडाळत असतो. अंगाला रंगाचा आणि लोखंडाच्या भुकटीचा वास येतो.

परवा न राहवून मी विचारलं, "त्रास होत असेल ना रे इथे?"

"नाही," तो म्हणाला, आणि जाळीचे गज मोजायला लागला.