मेलेल्या मालगुजाराची सही

१९७४च्या उन्हाळ्यात रुपराव गजभिये यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. नागपूरच्या कोर्टात ते भाषांतरकार होते. इंग्रजांच्या वेळचे दस्तऐवज मराठीत करायचे, हेच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. 'मेसुएज' म्हणजे अंगणासकट घर, 'हेरेडिटामेंट' म्हणजे वारशानं जाणारी मालमत्ता. असे शब्द त्यांनी तरुणपणी कोर्टातल्या एका जाड इंग्रजी कोशातून पाठ केले होते. त्यांच्या वडिलांना सहीसुद्धा येत नव्हती, त्यामुळे तेव्हा या शब्दांचा त्यांना फार अभिमान वाटायचा. आता डोळे दुखायचे, संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे.

एका दुपारी कौसल्याबाई त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. पाचपावलीतली विधवा बाई. सासऱ्याला १९३१ साली मालगुजारानं, म्हणजे तिथल्या जमीनमालकानं, घराच्या जागेचा पट्टा करून दिला होता. तो स्वतःच्या नावावर चढवायला त्या एका सरकारी कचेरीत पाच वेळा जाऊन आल्या होत्या.

"तो बाबू म्हनते, कागद खोटा हाय," त्या म्हणाल्या. "म्हनते, याच्यात लिवलं हाय का मालगुजार मेला. मंग मेलेल्यानं सही कशी केली?"

रुपरावांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मालगुजारानं ही जागा 'डिमाइज' केली, असं त्यात इंग्रजीत होतं.

"बाई, हा मरनाचा शब्द नाई. जुन्या कागदात याचा अर्थ पट्ट्यानं देनं असा होते."

"मंग त्याले सांगा ना, भाऊ. माह्यं कोन आयकते?"

हे आपलं काम नाही, असं म्हणायला रुपरावांनी तोंड उघडलं होतं. पण बाईंनी फाटक्या चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि साहेबासमोर उभं राहावं तशा त्या उभ्या होत्या. ते म्हणाले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते उन्हातून त्या कचेरीत गेले. कृष्णकांत नावाच्या त्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि खणातून खिशात मावेल एवढा कोश काढला. त्यात एकच अर्थ होता, मृत्यू.

"तुमचा अर्थ छापलेला दाखवा," तो म्हणाला. "मी माझ्या मनानं कसा लिहू?"

रुपराव परत आले. तो जाड कोश त्यांनी तीन दिवस शोधला. तो वाळवीनं खाल्ला होता आणि दोन वर्षांपूर्वीच रद्दीत गेला होता, हे शिपायाकडून कळलं. ते तिथेच स्टुलावर बसून राहिले.

घरी बायकोनं, प्रेमिलानं, विचारलं, "जेवत काहून नाई?"

"थकलो वं," एवढंच ते म्हणाले.

शेवटी त्यांनी रेकॉर्ड रूममधले जुने गठ्ठे उघडायला घेतले. आठवड्यानंतर १९३८ सालच्या एका दाव्यात त्याच मालगुजाराची साक्ष सापडली, खाली सहीसकट. तिची फोटोस्टॅट नक्कल घेऊन ते पुन्हा कचेरीत गेले.

"१९३१ साली मेलेला मानूस सात वर्षांनी कोर्टात बोलून राहिला होता काय?"

कृष्णकांतनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. सह्या सारख्याच होत्या. मग उठून त्यानं कपाटातून दोरीनं बांधलेला गठ्ठा काढला. त्यात एकोणतीस अर्ज होते, सगळ्यांवर त्याच्याच अक्षरात एकच शेरा, 'कागद खोटा'.

"हे पण असेच असतील," तो हळू आवाजात म्हणाला. "मला कोणी सांगितलंच नव्हतं, काका."

रुपरावांना त्याचा राग आला नाही. राग यायलाही जोर लागतो. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि वरचा अर्ज घेतला.

पुढचे तीन महिने त्यांच्या दुपारच्या सुट्ट्या त्या टेबलावर गेल्या. कौसल्याबाईंचा पट्टा दिवाळीनंतर त्यांच्या नावावर चढला. आणखी एकवीस जणांचं काम झालं. बाकीच्या आठ जणांना कृष्णकांतनं पत्रं पाठवली. चौघं येऊन गेले, चार पत्रं परत आली, त्या पत्त्यांवर आता दुसरेच लोक राहत होते. रुपरावांनी ते चार अर्ज वेगळे ठेवायला सांगितले. "येईल कोनी विचारत," ते म्हणाले.

ते निवृत्त होईपर्यंत त्या चार अर्जांसाठी कोणी आलं नाही.