बासमास्तर

गाणं लागलं की लोक त्याची चाल गुणगुणतात. बासमास्तर त्याखालचा बास, म्हणजे खर्जातले सूर, गुणगुणायचे. आखातात, ईसा टाउनला आमच्या शेजारी राहणारे हे वसईचे गृहस्थ एका हॉटेलात स्टोअर सांभाळत. लग्नाच्या पार्टीत सगळे नवरीकडे बघत, हे मात्र बँडमधल्या बास वाजवणाऱ्याकडे. "तो थांबला ना, तर वरचे सगळे तोंडावर आपटतील," म्हणायचे.

शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी त्यांच्याकडे युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक संगीत चालायचं. मास्तर हार्मोनियमवर, बायको फिलूबाई गायला. मास्तरांच्या कागदावर फक्त खालचे सूर आणि खुणेचे काही आकडे. त्यावरचं वाजवणाऱ्याने आपलं आपण भरायचं. अखंड चालणाऱ्या या साथीला कंटिन्युओ म्हणतात.

"म्हणजे संसारच की," मी म्हटलं.

"नाय वहिनी, संसारात आकडे तरी कोण लिहून देतो?"

फ्यूग नावाचा प्रकारही त्यांनीच समजावला. एकाने एक ओळ म्हणायची, तीच घेऊन दुसऱ्याने यायचं, मग तिसऱ्याने, आणि पहिल्यानेही गप्प बसायचं नाही. आमच्या चिपळूणला याला भांडण म्हणतात, असं मी म्हटलं. "भांडणात कोण कोणाचं ऐकतो?" मास्तर म्हणाले. "इथं सगळे ऐकतात."

मला नाट्यगीतांची खोड. फिलूबाईंचं एक गाणं शिकताना मी पहिल्याच ओळीत सूर नटवून एक हरकत घेतली आणि मास्तरांनी भाता सोडला. हे गाणं दा कापो घाटाचं होतं: पहिला भाग, मधला भाग, मग पुन्हा पहिला. "पहिल्यांदा साधं म्हणायचं, वहिनी. नटायचं ते परतताना. आपण गल्फवाले गावाला जातो तसं." फिलूबाई हसून हसून खोकल्या.

तो खोकला मात्र गेला नाही. दुखणं मोठं निघालं आणि फिलूबाई उपचारासाठी वसईला गेल्या. मास्तरांना तिच्यापाशी पोचायचं होतं, बाकी काही नको होतं. पण बदली माणूस आल्याशिवाय लीव नाही, आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. रोज संध्याकाळी मी दारातच विचारायची. "मॅनेजर इंशाल्ला म्हणाला," ते सांगायचे; म्हणजे देवाची इच्छा असेल तेव्हा. एकदा म्हणाले, "त्याच्या इंशाल्लाला तारीखच नसते, वहिनी."

तार आली तेव्हा तिकडे माती होऊनही गेली होती. मला आजही त्या मॅनेजरचा राग येतो.

शुक्रवारी त्यांच्याच खोलीत प्रार्थना ठेवली. मी फिलूबाईंचं गाणं तयार करून गेले होते. मास्तर म्हणाले, "आज नको." ते हार्मोनियमवर बसले आणि त्या गाण्याची फक्त साथ वाजवू लागले. खोलीतल्या बऱ्याच जणांना वाटलं, एवढंच गाणं आहे. मला डोळे पुसायचंही सुचेना. पहिल्या भागात एके ठिकाणी ते थांबले. तिथे फिलूबाई श्वास घ्यायच्या. परतीच्या फेरीत त्याच जागी ते पुष्कळ वेळ थांबले.